गुलाबपाण्यानंतर बसायचं नसतं

माझ्या थोरल्याचा, मुहन्नाचा, पाय भट्टीतून बाहेर निघेपर्यंत फुलांवर ऊन आलं होतं. पाय निघाला, पण गुलाबपाणी उतरवायची भट्टी गेली.

हा मस्कतला कचेरीत असतो. खुर्चीत बसून बसून त्याला वाटायला लागलंय की जगातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे चुकलेली आहे आणि ती दुरुस्त करायला देवाने त्यालाच धाडलंय. गुलाबाच्या हंगामात रजा काढून डोंगरावर येतो, ते बरं करतो. पण या खेपेला येताना पंखा घेऊन आला, भट्टीच्या खोलीतला धूर ओढून बाहेर टाकणारा.

"आई, डोळे बघ तुझे कसे लाल होतात. धूर बाहेर गेला पाहिजे."

"धूर बाहेर गेला तर पाण्यात काय राहील रे? ज्याला नुसतं पांढरं पाणी हवंय त्याने पाटाला तोंड लावावं."

ऐकतोय कोण. पहाटे मी बायकांबरोबर तालींवर फुलं तोडायला गेले, आणि हा पंखा टांगायला मातीच्या भट्टीवर चढला. ती भट्टी माझ्या सासूच्या सासूने लिंपलेली. भट्टीने हंडे पेलले होते, मस्कतच्या भात-मटणावर पोसलेला माणूस नव्हता पेलला. आम्ही टोपल्या घेऊन आलो तर हा मांडीपर्यंत आत, आणि हातातला पंखा उंच धरलेला, जसा काही पुरातून पोर वाचवतोय.

"पाय आत, अक्कल बाहेर," मी म्हटलं आणि टोपली खाली ठेवली.

माझा नवरा खलफान आणि शेजारचे दोघे त्याला ओढत होते तेव्हा मी फुलांकडे बघत होते. त्या वर्षी गारा पडल्या होत्या. निम्म्या कळ्या जमिनीवर. आतापर्यंत जेवढं पाणी उतरवलं त्याने माझा रांजण अर्धासुद्धा भरला नव्हता. ही तोड शेवटची मोठी. यानंतर झुडपांवर उरणार ती चुकार फुलं, पोरींनी केसांत माळावीत अशी. आणि गुलाब काही गहू नव्हे की आज नाही तर उद्या दळला. सकाळी तोडलं की त्याच दिवशी चुलीवर चढलं पाहिजे. रात्र उलटली की पाकळी तपकिरी पडते आणि पाण्याला ओल्या गवताचा वास येतो.

दुसऱ्या एखाद्या वर्षी मी तोंड वाकडं करून गप्प बसले असते. पण या वर्षी रय्याचं लग्न होतं. रय्या म्हणजे याच मुहन्नाची मुलगी, माझी पहिली नात. लग्न मस्कतला, आणि मस्कतच्या विहीणबाई फोनवर मला म्हणाल्या होत्या, "गुलाबपाण्याची काळजी तुम्ही करू नका हो. आम्ही बाटल्या मागवणार आहोत." मी, बनी रियाम कुळातली बाई, जिच्या दारात गुलाबाची झुडपं आजे-पणज्यांपासून आहेत, तिच्या नातीच्या लग्नात पाहुण्यांच्या ओंजळीत बाटलीतलं पाणी. मी तेव्हाच सांगून टाकलं, "बाटल्या तुम्ही हात धुवायला ठेवा. गुलाबपाणी माझं येईल. भरलेला रांजण येईल." आता तो रांजण अर्धा, फुलं अंगणात, भट्टी खड्ड्यात.

माझी सून मोझा, मुहन्नाची बायको, हळूच म्हणाली, "आत्या, गॅसची शेगडी आहे. माझ्याकडे स्टीलचं मोठं पातेलं आहे. दुपारपर्यंत सगळं उतरेल."

"तुझ्याकडे स्टीलचं पातेलं आहे, माझ्याकडे नाक आहे."

"मग माती कालवून भट्टी—"

"ओल्या भट्टीत जाळ केला तर फुलांआधी भट्टीच शिजेल. ती वाळायला आठवडा जाईल."

खलफान भिंतीला टेकून बसला होता. तो दिवसातून मोजकंच बोलतो आणि नेमकं नको तेच बोलतो. म्हणाला, "नबहानच्या आईकडे मातीची भट्टी आहे."

मुहन्ना पाय चोळायचा थांबला.

नबहानची आई म्हणजे शम्सा. आमच्या खालच्या तालीवरचं घर, मध्ये एकच भिंत. तिचा नवरा आणि माझा नवरा चुलत भाऊ. आमच्या गावात आता सगळ्यांनी गॅस घेतलाय, मातीच्या भट्ट्या उरल्या त्या दोनच, माझी आणि तिची. आणि आम्ही दोघी कित्येक वर्षं एकमेकींच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. कारण विचाराल तर एका बारशाला चार बायकांत तिने म्हटलं होतं की झुवैनाचं, म्हणजे माझं, गुलाबपाणी म्हणजे पेटलेला शेळ्यांचा गोठा. मीही काही मुकी नव्हते. मी म्हटलं, तुझं पाणी इतकं पातळ असतं की माश्या त्यात अंघोळ करून कोरड्या बाहेर येतात. तेव्हापासून मयताच्या घरी भेटलो तर सलाम, एरवी भिंत.

"मी तिच्या दारात जाणार नाही," मी म्हटलं.

"जाऊ नकोस," खलफान म्हणाला. "विहीणबाईंच्या बाटल्या छान असतात म्हणे. फीत बांधलेली असते."

मी उठले आणि धुतलेला झगा अंगावर चढवला.

आता कुणी म्हणेल, भिंतीवरून हाक मारायची आणि विचारायचं. तसं आमच्यात होत नाही. इतक्या वर्षांनी जायचं तर पाहुणी म्हणून जायचं, हातात काहीतरी घेऊन. आणि कामाचं तोंड उघडायचं ते बसून, खाऊन, पिऊन झाल्यावर, गप्पांच्या ओघात सहज आठवल्यासारखं. मी पातळ भाकऱ्या आणि मधाची वाटी घेतली. फुलं ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवायला सांगितली, मोझाला बरोबर घेतलं आणि खाली उतरले.

शम्साने दार उघडलं. गुडघ्यांना पट्टे, हातात काठी, जीभ मात्र तीच.

"मुहन्नाच्या आई. या, या. घर तुमचंच. वाट विसरला नाहीत म्हणजे नवल."

"वाट कशी विसरेन, नबहानच्या आई? रोज वरून तुमचं छप्पर दिसतं. गळतंय वाटतं एका कोपऱ्यात."

"तुमच्याकडून पाणी येतं ना खाली, म्हणून."

बसलो. तिच्या सुनेने, रहमाने, फळांची थाळी आणली, खजूर आणला. गरीब पोरगी आहे रहमा, खालच्या गावातली, डोळे सदा खाली. शम्साने रीतीप्रमाणे विचारलं, "काय बातमी?"

आता याचं उत्तर एकच असतं. घर जळत असलं तरी पहिल्यांदा म्हणायचं, सगळं छान, बातमी काही नाही. मग यजमानीण पुन्हा विचारते, आणि तेव्हा माणूस खरं बोलतो. मी म्हटलं, "सगळं छान. बातमी काही नाही."

"देवाची कृपा," शम्सा म्हणाली. "बातमी नाही हीच चांगली बातमी." आणि पुन्हा विचारलंच नाही. रहमाकडे वळून म्हणाली, "कहवा आण."

तेव्हाच मला कळलं. भिंत एक असली की कान किती लागतात? मुहन्नाची बोंब तिने ऐकली होती. मी कशाला आले ते तिला ठाऊक होतं आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. कहवा, म्हणजे आमची बिनदुधाची कॉफी, होणार, मग गुलाबपाणी येणार, आणि गुलाबपाणी ओंजळीत पडलं की पाहुण्याने उठायचं. त्यानंतर बसणारा एक तर लहान मूल असतो किंवा वेडा.

पण माझ्याकडेही एक हत्यार होतं. कप हलवला नाही तोवर कहवा ओतत राहावं लागतं. मी कप हलवलाच नाही.

पहिला कप झाला. मी म्हटलं, "या वर्षी फुलं—"

"फुलांचं काय विचारता," शम्सा म्हणाली, "माझे गुडघे बघा." आणि गुडघ्यांची कहाणी सुरू झाली. निझ्वाचा डॉक्टर काय म्हणाला, नबहान काय म्हणाला, कोणतं तेल चोळलं. मी दुसरा कप घेतला. गुडघे संपले, मी तोंड उघडलं, तर धाकट्या नातवाचे दात आले. तिसरा कप. दातांवरून ती मस्कतच्या रस्त्यांवर गेली. ती बाई कधी मस्कतला दोन रात्रींहून जास्त राहिली नसेल, पण तिला तिथला प्रत्येक चौक पाठ. रहमा ओततेय, मी पितेय, काळीज छातीत डफ वाजवायला लागलं.

"रय्याचं लग्न जवळ आलं," मी एका दमात मध्ये घुसवलं.

"देव सुखात ठेवो. मुलगा उंच आहे म्हणे. उंच मुलांचं एक असतं, मुहन्नाच्या आई, त्यांना दारं लहान पडतात." आणि तिच्या मामेभावाच्या उंच मुलाला कुठल्या दारात कसा टेंगूळ आला ते सांगायला लागली.

मी पुढच्या कपासाठी हात पुढे केला. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या शेजारी मोझाने आपला कप हलवला. दोन बोटांत धरून, इकडे तिकडे, अगदी नीट.

मी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी असती तर तिचं दूध नासलं असतं. ती आपली जमिनीवरच्या चटईची वीण मोजत होती. शम्सा मात्र तरुण झाली. "झालं? बास? दोघींचंही झालं. रहमा, गुलाबदाणी आण."

रहमा उठली, दारात थबकली. "कोणती, आत्या?"

"कोणती काय? पाहुण्यांची."

शम्साने असं म्हटलं आणि लगेच तिचा चेहरा बदलला. काहीतरी म्हणायला तिने हात उचलला, पण रहमा आत गेलेली. आणि तिचं काही चुकलं नव्हतं. इतक्या वर्षांनी दारात आलेल्या पाहुणीला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, हे तिला तिच्या आईने शिकवलं असणार. ती चांदीची लांब मानेची गुलाबदाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर वाकली. मी ओंजळ धरली. आता संपलं सगळं. रीतीप्रमाणे पाणी तोंडावरून फिरवायचं, डोक्याला लावायचं, दुवा द्यायचा आणि उठायचं. मी हात तोंडाशी नेले.

आणि तिथेच राहिले.

आमच्या गावात बहुतेकांच्या चुलीत रानटी जैतुनाचं लाकूड जळतं. माझ्या भट्टीत मी डाळिंबाची जुनी, वाळलेली लाकडं घालते, आणि शेवटच्या जाळाला अक्रोडाची टरफलं. सासूची पद्धत. तो धूर आधी गोड येतो आणि मागून किंचित कडू लागतो, चांगल्या बाईसारखा. तो माझ्या पोरांच्या केसांत होता, माझ्या उशीत आहे. कुणी मला झोपेत हुंगवला तरी मी सांगेन.

मोझा उठली होती. रहमा लोबानाचा धूप घेऊन उभी होती. मी खाली बसले. पुन्हा, व्यवस्थित, पाय दुमडून.

"गुलाबपाण्यानंतर बसायचं नसतं, मुहन्नाच्या आई," शम्सा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"पाहुणीने बसायचं नसतं. मी माझ्या पाण्याची विचारपूस करतेय. हे कुठलं पाणी?"

"घरचं."

"कोणाच्या घरचं?"

ती काठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला माहीत आहे तर विचारतेस कशाला?" इतका वेळ 'तुम्ही' होतं. 'तू' ऐकलं आणि मला कसं बरं वाटलं.

"पेटलेला शेळ्यांचा गोठा म्हणाली होतीस."

"म्हणते अजून. तसाच वास येतो." तिने नाक ओढलं. "सवय लागली."

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण मी ते गालात धरून ठेवलं.

मग हळूहळू निघालं सगळं. गुडघे गेल्यापासून तिला भट्टीशी बसवेना. नबहानने गॅस आणला, स्टीलचं भांडं आणलं. त्या पाण्याने नातवंडांचे ताप उतरत असतील, कहवाही सुवासिक होत असेल, पण शम्साचं डोकं दुखायला लागलं की ते कपाळाला लावून काही होईना. "पांढरं पाणी," ती म्हणाली. "कपाळाला लावलं की वाटतं कुणी फक्त सांत्वन करतंय." तेव्हा रहमाने मोझाकडे शब्द टाकला. मोझा दरवर्षी रांजणाच्या तळातून एक बाटली भिंतीवरून खाली देत होती.

मी मोझाकडे वळले. "माझ्या रांजणातून."

"तळातून, आत्या," मोझा म्हणाली. "तळाचं तुम्हीच म्हणता ना, की ते कुणाला देऊ नये, फार कडक असतं."

"आणि कप का हलवलास?"

"कहव्याने तुमचे हात थरथरत होते. आणि गुलाबपाणी आल्याशिवाय तुम्हाला कळलं कसं असतं?"

ही सून मी हातात धरून शिकवलेली. लोक म्हणतात तिचा स्वभाव मवाळ आहे. म्हणू देत.

"बरं," मी शम्साला म्हटलं. "मी कशाला आले ते तू सकाळपासून जाणतेस. भट्टी देतेस की नाही?"

"दिली असती की दारातच. एवढा कहवा कशाला पाजला असता?" तिने पुन्हा काठीकडे बघितलं. "भट्टीत लसूण आहे."

"काय आहे?"

"लसूण. कोरडी जागा आहे. नबहानने गेल्या वर्षी ठेवला, यंदाही ठेवला. हंड्याच्या जागी लसणाच्या जुड्या आहेत." आणि मग, अगदी माझ्या आईसारख्या आवाजात, "तू येऊन ते बघावंस, हे मला नको होतं."

म्हणजे ती मला हाकलत नव्हती. ती लसूण लपवत होती. मी एवढे कप उगीच रिचवले.

मी बाह्या सारल्या. "मोझा, वर जा. फुलं आण, हंडे आण. तुझ्या सासऱ्याला सांग डाळिंबाची लाकडं आण म्हणून, आणि मुहन्नाला सांग की लंगडत ये, पण पंखा घरी ठेव."

दुपारपर्यंत त्या भट्टीतून लसूण निघत होता. एवढ्या लसणात आख्ख्या निझ्वाचं लोणचं झालं असतं. मग आधी नुसताच जाळ केला, रिकाम्या भट्टीत, भिंती तापेपर्यंत, आणि मुठी मुठी कुस्करलेली शिळी फुलं त्यात जाळली. वास गेला का? शम्सा म्हणाली गेला. मी म्हटलं तुझ्या नाकावर मी विश्वास ठेवत नाही, ते माझ्या पाण्याला गोठा म्हणतं. मग रहमाला आत वाकायला लावलं. ती खोकत म्हणाली, "आता फक्त धूर आहे." तेव्हा हंडे चढवले. खाली पाकळ्या, मध्ये टांगलेली तांब्याची वाटी, वर थंड पाण्याचं पातेलं. वाफ वर जाते, थंड तळाला लागते आणि थेंब थेंब वाटीत उतरते. एवढंच तर आहे. पण वरचं पाणी कधी बदलायचं यावर आम्हा दोघींचं असं जुंपलं की खलफान लाकडं टाकून पळून गेला.

"कोमट झालं, बदल," शम्सा स्टुलावरून.

"अजून बोट ठरतंय त्यात."

"तुझं बोट म्हणजे चिमटा आहे. बदल म्हणते ना."

"बसल्या जागेवरून राज्य करू नकोस."

"भट्टी माझी आहे."

"धूर माझा आहे."

मुहन्ना दाराशी पाय लांब करून बसला होता. तो म्हणाला, "इथे पंखा लावला तर—" आणि आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत आमचं एकमत झालं असेल तर त्या घडीला.

शेवटचा हंडा उतरला तेव्हा समोरच्या कड्यावरचं ऊन गेलं होतं. रांजण तोंडापर्यंत आला. महिनाभर झाकून ठेवला, गाळ बसू दिला. उघडला तेव्हा पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. मी एक थेंब मनगटावर घेतला आणि बराच वेळ लसूण शोधला. सापडला नाही. म्हणजे मला तरी.

लग्न मस्कतला, गारेगार हॉलमध्ये. दारातच विहीणबाईंच्या बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीला फीत, आत पाण्यासारखं पाणी. जेवणं झाली, हलवा झाला, कहवा झाला. मग आमच्या पोरी चांदीच्या गुलाबदाण्या घेऊन निघाल्या, आणि पहिली ओंजळ विहीणबाईंची.

त्यांनी हात नाकाशी नेले. भुवया वर गेल्या. "यात धूर आहे."

"आहे."

त्यांनी पुन्हा वास घेतला. मग गालाला लावलं, मानेला लावलं, आणि कुणी बघत नाही असं बघून झग्याच्या गळ्यालाही. "थोडं घरी न्यायला मिळेल का?"

"बाटली लागेल," मी म्हटलं. "तुमच्याकडे आहेत की पुष्कळ. एक रिकामी करा."

पाहुणे एकेक करून उठायला लागले. शम्सा कोपऱ्यातल्या सोफ्यावर गुडघे पसरून बसली होती. तिच्यापाशी मी स्वतः गेले, गुलाबदाणी घेऊन, आणि तिच्या ओंजळीत धार धरली.

तिने तोंडावरून हात फिरवले. डोळे मिटून म्हणाली, "लसणाचा वास येतोय."

"तुझ्या तोंडाचा असेल. चल, ऊठ आता. गुलाबपाणी पडलं."

"एकाच हातात नीट पडलं," ती म्हणाली, आणि आरामात मागे टेकून दुसरा हात पुढे केला.